पळसनाथाचे शिखर आणि रोमचे भग्नावशेष

उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा खालावत गेला, की इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेव गावच्या पळसनाथ मंदिराचे शिखर जलाशयातून वर येऊ लागते. दुष्काळी वर्षी पाणी आणखी ओसरते, शिखराखालचा दगडी भागही उघडा पडतो आणि पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणारे प्रवासी वाट वाकडी करून मंदिर पाहायला येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यातही बरेच खाली गेले, तेव्हा असेच झाले. बातम्या आल्या, छायाचित्रे निघाली. पावसाळा आला आणि मंदिराभोवती पुन्हा पाणी भरले.

अशा मंदिराविषयी कोणालाही विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते, ‘हेमाडपंती आहे’. ते कोणत्या शतकातले, त्याची आखणी कोणत्या नियमाने झाली, शिखराचे थर किती आणि ते तितकेच का, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली दडपले जातात. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी इटलीतही चित्र फारसे निराळे नव्हते. रोममध्ये प्राचीन इमारतींचे अवशेष जागोजागी उभे होते. एकेकाळच्या राजकीय चौकात गुरे चरत होती. मंदिरांचा संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना केला जात होता. त्या पडझडीतून ‘अभिजात वास्तुकला’ म्हणून आज जगभर ओळखली जाणारी शिस्त उभी राहिली, ती आपोआप नव्हे. एका हातात जुना ग्रंथ आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी घेतलेल्या वास्तुकारांच्या काही पिढ्यांनी ती घडविली. हे काम त्यांनी कसे केले, याचा आढावा पळसनाथाच्या निमित्ताने घेण्याजोगा आहे.

चित्रे हरवलेला ग्रंथ

प्राचीन रोमन वास्तुकलेवरचा एकच सविस्तर ग्रंथ काळाच्या तडाख्यातून वाचला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुवियस नावाच्या वास्तुकाराने दहा भागांत तो लिहिला आणि सम्राट ऑगस्टसला अर्पण केला. मध्ययुगातही त्याच्या काही हस्तलिखित प्रती मठांमधून होत्या. परंतु १४१६ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानाला स्वित्झर्लंडमधील सेंट गॉलच्या मठात त्याची एक प्रत सापडली आणि तेव्हापासून विद्वानांचे व कारागिरांचे लक्ष या ग्रंथाकडे नव्याने वेधले गेले.

ग्रंथ हाती आला तरी तो समजणे सोपे नव्हते. मूळच्या आकृत्या नष्ट झाल्या होत्या. भाषा लॅटिन असली तरी पारिभाषिक शब्द ग्रीक होते आणि नकला करणाऱ्यांनी त्यांत आपापल्या चुकांची भर घातली होती. त्यामुळे नुसता शब्दकोश घेऊन बसणाऱ्या पंडिताला हा ग्रंथ उलगडणार नव्हता. स्तंभाच्या माथ्यावर नेमके काय असते, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष भग्नावशेषांपुढे उभे राहणे भाग होते.

फ्लॉरेन्सचा फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. त्याच्या चरित्रकाराने सांगितल्याप्रमाणे तो शिल्पकार दोनातेल्लो याच्यासह रोममध्ये गेला, अवशेषांभोवतीची माती उकरून त्याने पाये आणि भिंती मोजल्या. रोमच्या लोकांना ही जोडगोळी गुप्तधन शोधणारी वाटली! पुढे १४२० ते १४३६ या काळात याच ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर सुमारे ४३ मीटर रुंदीचा अष्टकोनी घुमट, खालून लाकडी आधार न देता उभा केला. आत एक आणि बाहेर एक अशी त्याची दोन कवचे आहेत. विटा कणसातील दाण्यांसारख्या सरळ न लावता तिरक्या गुंफणीने रचल्या आहेत, म्हणजे ओला चुना सुकेपर्यंत थर घसरत नाही. असा घुमट प्राचीन रोममध्ये नव्हता. जुने मोजता मोजता त्याला नवे सुचले होते.

पाचवा स्तंभ कोठून आला?

या परंपरेचा दुसरा मोठा पुरुष म्हणजे लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती. तो कायद्याचा, गणिताचा आणि साहित्याचा अभ्यासक. १४५२ च्या सुमारास त्याने वास्तुकलेवर दहा भागांचा लॅटिन ग्रंथ पूर्ण केला. तो १४८५ मध्ये छापून निघाला. खुद्द विट्रुवियसची पहिली छापील आवृत्ती त्यानंतर, १४८६ च्या सुमाराची. अल्बेर्तीने विट्रुवियसचा आदर केला, पण त्याची भाषा धड ग्रीक नाही आणि धड लॅटिनही नाही, अशी तक्रार करून त्याने स्वतः इमारती पाहून, मोजून नियम मांडले. मँटुआचे सेंट अँड्र्यूचे चर्च आणि फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चचा दर्शनी भाग ही त्याच्या विचारांची दगडातील रूपे होत.

ग्रंथ आणि अवशेष यांचा मेळ बसविताना एक अडचण वारंवार पुढे येई. दोहोंचे पटत नसे. विट्रुवियसने डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि टस्कन अशा चार स्तंभप्रकारांचे वर्णन केले होते. परंतु रोममधील टायटसच्या विजयकमानीवर त्याने न सांगितलेला स्तंभ होता. खाली कोरिंथियनची पाने आणि वर आयोनिकच्या वळ्या. हा ‘संमिश्र’ स्तंभ कोणत्याही पोथीत नव्हता. तो दगडात होता. त्याला पाचवा प्रकार म्हणून स्थान मिळाले ते मोजमाप करणाऱ्यांमुळे. १५३७ मध्ये सेबास्तियानो सेर्लियो याने व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पाचही स्तंभ एका पानावर, उंचीच्या चढत्या क्रमाने शेजारी शेजारी उभे केले. टस्कनची उंची जाडीच्या सहापट, डोरिकची सातपट, आयोनिकची आठपट, कोरिंथियनची नऊपट आणि संमिश्रची दहापट, असा त्याचा सुटसुटीत हिशेब.

हा हिशेब प्राचीन रोममध्ये इतका नीटनेटका नव्हता. रोमन कारागीर जागेप्रमाणे, दगडाप्रमाणे आणि धन्याच्या मर्जीप्रमाणे प्रमाणे बदलत असत. मार्सेलसच्या नाट्यगृहातील डोरिक कंगोरा विट्रुवियसच्या नियमात बसत नाही, हे सेर्लियोनेच नोंदविले आणि त्याला दोष दिला. आपण ज्याला रोमची अभिजात शैली म्हणतो, तिचे नियमबद्ध रूप रोमने आखून दिलेले नाही. ते पंधराव्या-सोळाव्या शतकातील वास्तुकारांनी विखुरलेल्या पुराव्यांतून निवडून, जुळवून तयार केलेले आहे.

बारामतीकरांना ही गोष्ट मोरोपंतांमुळे सहज समजावी. आर्येच्या पहिल्या चरणात मात्रा १२ च, हा नियम. पण त्याच शिस्तीत राहून मोरोपंतांनी (१७२९-१७९४) ओष्ठ्य वर्ण वगळून निरोष्ठ रामायण रचण्यापर्यंत मजल मारली. स्तंभांचे नियमही असेच होते. स्तंभाची अर्धी जाडी ही त्यातील मात्रा. व्हिन्योला याने १५६२ मधील आपल्या पुस्तकात या एकाच मापाच्या पटीत सगळे भाग बसविले. त्यामुळे गावोगावच्या मिस्त्रीला फूट-इंचांची फोड न करता, इमारत लहान असो वा मोठी, तेच प्रमाण वापरता येऊ लागले.

गवंडी ते ग्रंथकार

अभ्यास आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड सर्वांत पूर्णपणे दिसते ती आंद्रेआ पल्लादियो याच्या चरित्रात. १५०८ मध्ये पादुआ येथे जन्मलेला हा मुलगा दगडफोड्याच्या हाताखाली उमेदवारी करीत वाढला. विचेंझा येथे एका बांधकामावर असताना ट्रिसीनो या विद्वान उमरावाने त्याला हेरले, शिकविले आणि १५४१ पासून अनेकदा रोमला नेले. दानिएले बार्बारो याने १५५६ मध्ये केलेल्या विट्रुवियसच्या इटालियन भाषांतरासाठी पल्लादियोने आकृत्या काढल्या. हरवलेली चित्रे अशा रीतीने एका पाथरवटाच्या हातून पुन्हा ग्रंथात आली. १५७० मध्ये त्याचा स्वतःचा चार भागांचा ग्रंथ निघाला. त्यात प्राचीन मंदिरांच्या मोजलेल्या आकृत्या आहेत आणि त्याने स्वतः बांधलेल्या वाड्यांच्याही.

पल्लादियोचा एक तर्क तर चुकीचा असूनही फळाला आला. देवांची मंदिरे माणसांच्या घरांवरून घेतली असतील, तेव्हा प्राचीन घरांनाही मंदिरासारखी स्तंभमंडित दर्शनी बाजू असावी, असे त्याने मानले आणि शेतावरच्या वाड्यांना तशी दर्शनी बाजू दिली. तीच रचना पुढे इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पोहोचली. शिवाय त्याचे पुष्कळसे स्तंभ विटांचे, वर गिलावा केलेले आहेत. संगमरवराचे मोल परवडत नसेल तर प्रमाण सांभाळावे, साहित्य स्थानिक वापरावे, हा त्याचा व्यवहार.

चित्रकार राफाएलचे कामही या संदर्भात महत्त्वाचे आहे. १५१५ मध्ये पोप दहावा लिओ याने त्याच्यावर रोममधील प्राचीन लेख असलेल्या दगडांची देखरेख सोपविली. १५१९ च्या सुमारास राफाएलने पोपला पाठविण्यासाठी जे पत्र लिहिले, त्यात अवशेषांच्या नासधुसीबद्दल खंत आहे आणि त्यापुढे जाऊन एक कार्यपद्धतीही आहे. प्रत्येक इमारतीचा तळआराखडा, बाहेरील दर्शन आणि आतला छेद अशी तीन रेखाटने वेगवेगळी काढावीत, दिशा होकायंत्राने घ्याव्यात, असे त्यात सुचविले आहे. आज स्थापत्याच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थी हीच तीन रेखाटने शिकतो.

गोव्यामार्गे कवळ्यापर्यंत

छापील पुस्तकांमुळे ही विद्या इटलीबाहेर गेली आणि पोर्तुगिजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावरही उतरली. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्च (१५९४-१६०५) याचे ठळक उदाहरण आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, पण दर्शनी भागाचे कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या दगडात. त्या दर्शनी भागात वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळ्या प्रकारचे स्तंभ दिसतात. एकावर एक असे भिन्न स्तंभ रचण्याची कल्पना रोमच्या कोलोसियमवरून प्रबोधनकाळाने उचललेली. जवळच थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी सतराव्या शतकात उभारलेले सेंट कॅजेटनचे चर्च तर रोममधील सेंट पीटरच्या धर्तीवर आहे.

येथील कारागिरांनी ही चिन्हे केवळ चर्चपुरती ठेवली नाहीत. फोंड्याजवळ कवळे येथील शांतादुर्गेचे मंदिर १७३८ च्या सुमारास छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या साहाय्याने बांधले गेले. त्यातील भिंतींना चिकटलेले अर्धस्तंभ, कमानीच्या खिडक्या आणि अष्टकोनी पायावरचा घुमट पाहिला, की फ्लॉरेन्स आणि रोमपासून निघालेला धागा साताऱ्याच्या दरबाराशी येऊन मिळाल्याचे दिसते.

आपला विट्रुवियस

आता पुन्हा भीमेच्या काठी येऊ. आपल्याकडे ग्रंथ नव्हते असे मुळीच नाही. माळव्याचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेला ‘समरांगण सूत्रधार’ हा अकराव्या शतकातील ग्रंथ मंदिररचनेचे बारकावे देतो. त्यात भूमिज शिखराचे सोळा प्रकार सांगितले आहेत. चौरस आखणीचे चार, वर्तुळाकार आखणीचे सात आणि अष्टकोनी आखणीचे पाच. भूमी म्हणजे येथे थर किंवा मजला. शिखराच्या चारही अंगांना मधोमध खालपासून वरपर्यंत जाणारा एक उभा पट्टा असतो आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेत छोट्या शिखरांच्या प्रतिकृती, माळेतील मण्यांसारख्या, थराथराने लहान होत वर चढतात. पळसनाथाचे शिखरही याच भूमिज पद्धतीचे मानले जाते. त्याचा वरचा भाग विटा आणि चुन्याचा आहे.

भोपाळजवळ भोजपूर येथे याच राजाचे अपुरे राहिलेले शिवमंदिर आहे. त्याभोवतीच्या खडकांवर शिखरांच्या, स्तंभांच्या आणि कंगोऱ्यांच्या आखणीच्या रेषा कोरलेल्या आजही दिसतात. ग्रंथातला नियम आणि सूत्रधाराने दगडावर मारलेली रेघ एकाच राजाच्या नावाशी जोडलेली सापडावी, हे भाग्य विट्रुवियसच्या वाट्यालाही आले नाही.

‘हेमाडपंती’ या शब्दाची गडबड येथे कळून येते. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. अंबरनाथचे भूमिज मंदिर तेथील शिलालेखानुसार शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे! तरी त्यालाही सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. अशा चुका फ्लॉरेन्सकरांच्याही होत्या. आपल्या गावचे बाप्तिस्मागृह हे मंगळदेवाचे प्राचीन रोमन मंदिर आहे, असे ते समजत. प्रत्यक्षात ते अकराव्या-बाराव्या शतकातले. फरक इतकाच, की पुढे त्यांनी मोजमाप केले आणि काळ ठरविला.

मराठेशाहीत आपल्याकडेही एक पुनरुज्जीवन घडले. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये त्र्यंबकेश्वराचे मंदिर जुन्या पद्धतीच्या दगडी शिखरासह बांधायला घेतले. काम ३१ वर्षे चालले. नीरा-भीमेच्या संगमावर, इंदापूर तालुक्याच्या टोकाला असलेल्या नरसिंहपूरच्या लक्ष्मी-नृसिंह मंदिराला आजचे रूप मिळाले तेही मुख्यतः पेशवेकाळात. सूत्रधारांचे हात जुनी भाषा विसरले नव्हते. पण ती विद्या पितापुत्रांच्या किंवा गुरुशिष्यांच्या मुखातून चालत आली. तिचा सचित्र, छापील ग्रंथ झाला नाही. कारागिराचे घराणे थांबले, की त्याबरोबर नियमही गेले.

पुढे उलट झाले. इंग्रजी अमदानीत ग्रंथ छापले गेले, पण बांधकाम निराळ्याच धर्तीवर चालू राहिले. १८३३ मध्ये मुंबईचा टाउन हॉल ग्रीक डोरिक स्तंभांनी सजला आणि पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, राम राझ या बंगळूरच्या न्यायाधीशांचा हिंदू वास्तुकलेवरील निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत ग्रंथातील शब्द अडले तेव्हा राम राझ यांनी पंडितांबरोबर शिल्पकारालाही विचारले, हे विशेष. ‘समरांगण सूत्रधार’ छापून आला तो १९२४-२५ मध्ये, सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानाच्या प्राच्य ग्रंथमालेत. विट्रुवियसच्या पहिल्या छापील प्रतीनंतर सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी. त्याच दशकात रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे (१८६९-१९२९) या मराठी अभियंत्याने ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ लिहून ही विद्या मराठीत आणली. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेला, सरकारी बांधकामांचा अनुभव असलेला हा माणूस संस्कृत पोथ्या धुंडाळीत होता. पल्लादियोच्या जातीचे हे काम. गुजरातेत प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा यांनी ते शेवटाला नेले. घराण्यातील शिल्पग्रंथांचे त्यांनी संपादन केले आणि सोमनाथचे नवे मंदिरही उभारले. त्या मंदिरात ११ मे १९५१ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली.

मोजमापाचा हंगाम

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या आणि सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या उजनीने सोलापूरची शेती फुलविली आणि इंदापूरलाही पाणी दिले. त्याची किंमत बुडीत गावांनी मोजली. ते धरण कोणी रिकामे करणार नाही. परंतु विटा-चुन्याचे शिखर दरवर्षी भिजते, सुकते आणि पुन्हा भिजते. प्रत्येक फेरीला चुना थोडा सुटतो, वीट थोडी झिजते. ज्या दिवशी एक थर ढासळेल, त्या दिवशी तो थर केवढा होता हे सांगणारा कागद हाती असला पाहिजे.

राफाएलची तीन रेखाटने काढायला फार मोठा खर्च येत नाही. बारामती परिसरात अभियांत्रिकी आणि स्थापत्य शिकणारे शेकडो विद्यार्थी आहेत. पाणी ओसरलेल्या चार-सहा आठवड्यांत तळआराखडा, दर्शन आणि छेद, थरांची संख्या, प्रत्येक थराची उंची, विटांची लांबी-रुंदी-जाडी आणि दगडी भागातील सांध्यांची रचना एवढी नोंद पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि मार्गदर्शनाखाली करता येईल. मग ती ‘समरांगण सूत्रधारा’तील सोळा प्रकारांशी ताडून पाहता येईल. ग्रंथाशी जुळले तर उत्तम. जुळले नाही तर अधिकच उत्तम, कारण पाचवा स्तंभ असाच न जुळणाऱ्या दगडातून सापडला होता. दरम्यान, मंदिर पाहायला जाणाऱ्यांनी शिखरावर चढण्याचा मोह टाळावा. पाण्याने पोचट झालेल्या विटा माणसाचे वजन पेलत नाहीत.